घरच्यांना विचारून उभं केलेलं एकपात्री

घरच्यांनी साथ दिली ही माणसासाठी भाग्याची गोष्ट, पण नाटकासाठी पंचाईत. गे मुलाला बापानं घराबाहेर काढलं की पहिल्या पंधरा मिनिटांत संघर्ष उभा राहतो, प्रेक्षक बाजू घेतात आणि पुढचं नाटक त्याच जोरावर चालतं. पण आई म्हणाली, ‘आधी जेव, मग सांग काय हाय ते,’ आणि नंतर खरंच ऐकून घेतलं, तर उरलेला तास रंगमंचावर करायचं काय?

बेळगावात राहून आम्ही असं एक एकपात्री उभं केलं. साधारण 70 मिनिटांचं, मध्यंतर नाही. मंचावर ज्याची गोष्ट आहे तो स्वतः, लिहायला एक, दिवे आणि आवाज बघायला एक, आणि चौथा गट म्हणजे घरचे. आमच्यासारखं आपल्या घराचं नाटक बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुणाला करायचं असेल तर काम कसं चालतं, कुठं अडतं आणि का अडतं, ते इथं लिहिलं आहे.

आठवणी गोळा करताना

लिहायला बसून सुरुवात करू नये. बोलावं आणि मोबाइलवर रेकॉर्ड करावं. एका बैठकीला एकच विषय: शाळेचं गॅदरिंग, मामाचं लग्न, पहिल्यांदा दाढी केली तो दिवस, डॉक्टरकडे नेलं तो दिवस. बैठक 40 मिनिटांपेक्षा लांबवू नये. त्यानंतर माणूस आठवायचं सोडून सांगायला लागतो, वाक्यं गुळगुळीत होतात. विचारणाऱ्यानं ‘तेव्हा तुला कसं वाटलं’ हा प्रश्न टाळावा. ‘कुठं उभा होतास’, ‘हातात काय होतं’, ‘दार उघडं होतं का’ असं विचारावं. भावना विचारली की मालिकेतलं उत्तर येतं, वस्तू विचारली की त्या दिवसाचं येतं.

गप्पा मारताना आपण मिनिटाला 120-130 शब्द सहज बोलतो. म्हणजे तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये सात-आठ हजार शब्द होतात. थांबे, हालचाल आणि हशा धरून 70 मिनिटांच्या एकपात्रीची संहिता साडेसहा-सात हजार शब्दांचीच असते. शब्द पहिल्या तासातच पुरेसे जमलेले असतात. त्यानंतरचं सगळं काम टाकून देण्याचं आहे.

रेकॉर्डिंग जसंच्या तसं उतरवावं, कन्नड शब्दांसकट, अडखळण्यासकट. मग प्रत्येक प्रसंगाचा एक कागद करावा आणि त्यावर तीन नोंदी ठेवाव्यात: काय घडलं, त्यात आणखी कोण होतं, आणि ही गोष्ट आज कुणाकुणाला माहीत आहे. तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक जण तीच विसरतात. कलाकारानं स्वतःबद्दल उघड बोलायचं ठरवलंय, पण अकरावीतल्या त्याच्या मित्रानं ठरवलेलं नसतं. तो मित्र आज दोन मुलांचा बाप असू शकतो. आपल्या गावांत नाव बदलून काही लपत नाही. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात ‘मास्तरांचा धाकटा’ एवढं म्हटलं तरी अख्ख्या रांगेला कळतं. म्हणून नाव, गाव आणि धंदा या तिन्ही गोष्टी बदलायच्या, आणि तरीही शंका राहिली तर दोन माणसांचं मिळून एक पात्र करायचं. आम्ही मित्राच्या बाबतीत तेच केलं.

तारखा तपासाव्यात. आठवण वर्षं गिळते. समलैंगिक संबंध गुन्हा नाही हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल 2 जुलै 2009 चा, सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला 11 डिसेंबर 2013 ला, आणि कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले 6 सप्टेंबर 2018 ला. 1996 च्या सुरुवातीला जन्मलेला मुलगा या तीन दिवशी अनुक्रमे तेरा, सतरा आणि बावीस वर्षांचा असतो. घरातले लोक हमखास 2009 ची आणि 2018 ची बातमी एकत्र करून सांगतात. ‘पेपरात आलं होतं तेव्हा तू कॉलेजला होतास’ असं. तेरा वर्षांच्या मुलासमोर बापानं पेपर घडी करून बाजूला ठेवणं वेगळं आणि बावीस वर्षांच्या मुलापुढे तो उघडा ठेवणं वेगळं. हा फरक आमच्या नाटकाचा कणा झाला, म्हणून तारखांवर वेळ घालवला. वस्तूंचंही तसंच. शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं नोव्हेंबर 2014 मध्ये. त्याआधीच्या प्रसंगात शाळेचा दाखला किंवा बसची पाटी दाखवायची तर त्यावर जुनंच नाव हवं. पहिल्या रांगेतले निवृत्त शिक्षक हे बरोबर पकडतात.

घरी वाचन

संहितेचा पहिला पूर्ण खर्डा झाला की तो घरी वाचायचा. छापील प्रत हातात द्यायची नाही. प्रत दिली की प्रत्येक जण पानं उलटून फक्त आपलं नाव शोधतो. सगळ्यांना एकत्र बसवून, सुरुवातीपासून क्रमानं, कलाकारानं स्वतः वाचायचं. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद.

नियम एकच ठेवला होता: कुणीही कुठल्याही प्रसंगाला ‘हे नको’ म्हणू शकतो आणि कारण द्यावं लागणार नाही. कारण विचारलं की वाद होतो, वादात आई-वडील मुलासमोर हरतात आणि ‘बरं, तुझ्या मनासारखं होऊ दे’ म्हणतात. अशी मिळवलेली परवानगी प्रयोगाच्या आदल्या रात्री मागे घेतली जाते. त्यापेक्षा आधीच प्रसंग गेलेला बरा. वहीत प्रसंगाचा क्रमांक, तारीख आणि पुढे तीनपैकी एक शेरा: चालेल, बदला, काढा. आजीचा शेरा दुसऱ्यानं लिहिला तरी तिला वाचून दाखवायचा.

हे दोनदा करायचं. दुसऱ्यांदा उभ्या तालमीत, कारण कागदावर मान्य असलेली गोष्ट अंगावर आली की वेगळी वाटते. आईला स्वतःचे शब्द चालतात, पण आवाज बारीक करून, कंबर हलवून केलेली स्वतःची नक्कल चालत नाही, आणि तिचं बरोबर आहे. नकलेला हशा येतो आणि आई विनोदी पात्र होऊन बसते. त्यावर आम्ही ठरवलं की प्रत्येक माणसाला एकच हालचाल द्यायची आणि आवाज बदलायचा नाही. आई पदराला हात पुसते. अप्पा पेपरची घडी घालतात. आजी अडकित्ता चालवते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला प्रेक्षकांना हालचालीवरूनच माणूस कळतो. लहानपण करतानाही बोबडं बोलायचं नाही, नुसतं खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचं. तेवढ्यानं वय उतरतं.

बहिणीच्या किंवा भावाच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर ते स्पष्ट विचारून घ्यावं. ज्या महिन्यांत स्थळं बघणं चालू आहे त्या महिन्यांत सोयरिकीच्या गावात प्रयोग लावायचा नाही, हे आम्ही वहीतच लिहून ठेवलं. प्रत्येक तारीख घरी किमान 15 दिवस आधी कळवायची. लग्नाच्या अल्बममधले फोटो पडद्यावर दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात पन्नास नातेवाईक असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आम्ही एकही फोटो वापरत नाही.

खलनायक नसलेलं नाटक

आता मुख्य अडचण. आई-वडिलांना सांगण्याचा प्रसंग मध्यावर ठेवला तर त्यानंतर नाटक बसकण मारतं, कारण प्रेक्षक ज्याची वाट बघत होते ते होऊन गेलेलं असतं. शेवटी ठेवला तर सगळं नाटक ‘सांगू की नको’ एवढ्यावर लटकतं आणि घरचे शेवटच्या पाच मिनिटांत देवमाणूस होऊन टाळ्या घेतात. प्रेक्षक डोळे पुसत म्हणतात, ‘नशीबवान आहेस बाबा,’ आणि घरी जातात. आपल्या घरी काय करायचं याबद्दल त्यांना काहीही मिळालेलं नसतं.

आम्ही तो प्रसंग दहाव्या मिनिटाला उरकून टाकला. मग पुढच्या तासाचा प्रश्न ‘घरचे स्वीकारतील का’ हा राहत नाही. ‘स्वीकारलं, आता रोज काय करायचं’ हा होतो, आणि त्यात भरपूर नाटक आहे. हळदीकुंकवाला शेजारीण विचारते, ‘पोराचं कधी?’ भाऊबंदकीत जमिनीच्या कागदावर सह्या करायच्या आहेत आणि चुलते म्हणतात, ‘याला पुढं वारस कोण?’ गावात लक्ष्मीची यात्रा आहे. ही यात्रा कित्येक वर्षांनी येते, सगळा गोतावळा घरी उतरतो. तेव्हा मायेनं वागणारे अप्पाच मुलाच्या जोडीदाराबद्दल म्हणतात, ‘घरात काय बी असू दे, पण यात्रेत त्याला नको आणू.’ साथ देणाऱ्या घरातही अट असते. ती अट मंचावर आली की प्रेक्षक खुर्चीत सरळ होतात, कारण ती त्यांच्याही तोंडची असते.

लिहिताना एक पद्धत उपयोगी पडली. कागदाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे घरचे काय बोलले, उजवीकडे त्यांनी काय केलं. मग डावी बाजू जवळजवळ सगळी काढून टाकायची. ‘शेवटी आमचंच लेकरू आहेस’ सारखी वाक्यं खरोखर बोलली गेली असली तरी मंचावर खोटी वाटतात. उजवीकडे जे उरतं त्यात नाटक असतं: कुणी कुणाला फोन केला, कुणी निमंत्रणपत्रिकेवरचं नाव बदललं, कोण बसस्टँडवर आणायला गेलं, कोण महिनाभर जेवणाच्या वेळी गप्प बसलं.

घरच्यांच्या चुका गाळू नयेत. आमच्या गोष्टीत आई-वडील मुलाला आधी ‘बरं करायला’ डॉक्टरकडे घेऊन जातात. हा प्रसंग काढा असं घरातून कुणी म्हटलं नाही, उलट बाहेरच्यांनी सुचवलं. त्यानं म्हणे आई-वडिलांची प्रतिमा बिघडते. पण तो काढला तर बाकीची साथ आयती मिळाल्यासारखी दिसते. तो ठेवला तर ते दवाखान्यातून परत येतात, त्या रस्त्यावर त्यांचं मत बदलतं, आणि बदलायला किती जड पडतं ते दिसतं. प्रयोगानंतर लोक याच प्रसंगावर प्रश्न विचारतात, म्हणून उत्तर तयार ठेवावं: समलैंगिकता हा आजार नाही, आणि असे ‘उपचार’ करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये सांगितलेलं आहे.

घरचे फार चांगले संपादक असतात, हेही लिहून ठेवतो. यात्रेच्या पंगतीचा प्रसंग लिहिताना जोडीदाराला जावयाच्या मानानं वाढलं, असा एक छान शेवट कागदावर आला होता. वाचनात आईनं तिथंच थांबवलं: ‘मी असलं कायबी केलं नव्हतं. सगळ्यांच्या पंगतीत त्यालाबी वाढलं, एवढंच.’ आता मंचावर एवढंच आहे, आणि ते जास्त चालतं.

बोली आणि सबटायटल

निवेदनही घरच्याच बोलीत ठेवावं, संवाद तेवढे बोलीत आणि निवेदन पुणेरी असं करू नये. तसं केलं की निवेदन करणारा शहाणा आणि घरचे गावंढळ अशी विभागणी आपोआप होते. बेळगावबाहेर प्रयोग करताना पहिली दोन मिनिटं कुठलीही महत्त्वाची माहिती देऊ नये. प्रेक्षकांच्या कानाला बोलीची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. आपल्या बोलीवर काही ठिकाणी नुसतंच हसतात. तिथं थांबायचं नाही, पुढं जायचं. हसणाऱ्यासाठी थांबलात तर तो विनोद ठरतो.

शिव्यांचंही असंच. ‘बायल्या’ हा शब्द आला की सभागृहाच्या मागच्या बाजूनं हसू येतं, ठरलेलं आहे. आम्ही तो पूर्ण नाटकात एकदाच ठेवला आणि त्यानंतर कलाकार तीन श्वास काहीच करत नाही. हसू आपोआप विरतं. पुन्हा पुन्हा वापरला तर प्रेक्षक त्याला सरावतात.

धारवाडच्या होस्टेलचा प्रवेश कन्नडमध्ये आहे. बेळगावात तो सगळ्यांना कळतो, कोल्हापुरात कळत नाही. उलट कन्नड प्रेक्षक असतील तर उरलेल्या नाटकाला कन्नड सबटायटल लागतात. सबटायटल एका वेळी दोन ओळींची, प्रत्येक ओळ 35-40 अक्षरांच्या आत. शब्दशः भाषांतर करायचं नाही. कलाकाराकडे बघत बघत सगळं वाचून होत नाही. विनोदाची ओळ बोलण्याआधी दिसली तर हशा आधीच फुटून जातो, म्हणून अशा ओळींना वेगळी स्लाइड आणि ती वाक्य संपताना बदलायची. स्लाइड बदलणाऱ्याला नाटक पाठ हवं.

इथं हमखास फसतं ते फॉन्टमध्ये. छपाईवाल्याकडून आलेला मराठी मजकूर बऱ्याचदा श्रीलिपीत असतो आणि कन्नड मजकूर नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये. हे युनिकोड नसतं, त्यामुळे दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं की चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये टाइप केलं तरी हॉलच्या लॅपटॉपवर तोच फॉन्ट नसला तर कन्नडचे ओत्तक्षर (अक्षराखाली जोडून येणारी व्यंजनं) सुटतात. उपाय सोपा आहे: सगळ्या स्लाइड चित्र म्हणून सेव्ह करायच्या, पेनड्राइव्हवर दोन प्रती, आणि लॅपटॉप आपलाच न्यायचा. काळी पार्श्वभूमी, अक्षरं पांढरी नकोत, हलकी पिवळी घ्यावीत. पांढऱ्या अक्षरांचा उजेड कलाकाराच्या अंगावर पडतो.

दोरी, दिवे, आवाज

नेपथ्य म्हणजे एक लाकडी खुर्ची, एक पत्र्याची ट्रंक आणि कपड्यांची दोरी. दोरीवर घरातल्या प्रत्येकाचं एक कापड: आईची साडी, अप्पांचा टॉवेल, आजीचं इरकल लुगडं. सगळं सामान ‘छोटा हत्ती’ टेम्पोत मावतं आणि दोघांना तासाभरात उभं करता येतं.

कलाकार यातलं कापड अंगावर घालत नाही, फक्त हात लावतो. हे विचार करून ठरवलं आहे. आपल्या भागात गावोगावच्या हौशी नाटकांतून पुरुषांनी लुगडं नेसून बायकांची कामं करण्याची चाल जुनी आहे. गे मुलगा मंचावर साडी नेसला की प्रेक्षक तीच करमणूक शोधायला लागतात. दुसरी गल्लत सौंदत्तीची. यल्लम्माला सोडलेले, साडी नेसणारे जोगते आणि जोगप्पा या भागात सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे विषय कळला की कुणीतरी सुचवतोच, ‘मग चौंडकं घ्या की संगीतात, भंडारा उधळा.’ कलाकाराच्या आयुष्यात ते नसेल तर घेऊ नये. जोगप्पांचं जगणं वेगळं आहे, त्यांची गोष्ट त्यांनी सांगायची. त्यांच्यातल्याच लोककलाकार जोगती मंजम्मांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे ती सांगणारी माणसं आहेत. आपल्या नाटकाला रंग चढवायला उसनं घेतलेलं चौंडकं लगेच ओळखू येतं.

दोरीसाठी नायलॉन घेऊ नका. दमट हवेत ती लांबते आणि प्रयोगाच्या शेवटापर्यंत लुगड्याचा काठ जमिनीला टेकतो. प्लास्टिकचं आवरण असलेली तार घ्यावी, 12 फूट, एका टोकाला ताण द्यायला टर्नबकल (फिरवून घट्ट करायचा पेच). हॉलवाले भिंतीत खिळा मारू देत नाहीत, म्हणून दोन लोखंडी स्टँड आणि प्रत्येकाच्या पायावर 15 किलो वाळूची पिशवी.

मोठ्या रंगमंदिरात दिव्यांचा प्रश्न नसतो. गावच्या सभागृहात असतो. 1000 वॅटचा एक हॅलोजन 230 व्होल्टवर साधारण 4.3 अँपिअर ओढतो, म्हणजे 16 अँपिअरच्या सॉकेटवर तीन चालतात आणि चौथ्याला मर्यादा ओलांडते. वायरिंग जुनं असेल तर दोनवरच थांबावं. त्यापेक्षा ‘पार’ म्हणतात ते गोल डब्यासारखे एलईडी दिवे बरे: 54 दिव्यांच्या, 3 वॅटच्या पारला साधारण 160 वॅट लागतात, सहा लावले तरी एक किलोवॅटच्या आतबाहेर. मात्र स्वस्त एलईडीचा ‘पांढरा’ लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला असतो आणि आपल्या सावळ्या कातडीवर तो राखाडी दिसतो. चेहऱ्यासाठी वेगळा उबदार पांढरा असलेले दोन पार मागून घ्यावेत. समोरचे दोन दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशांतून यायला हवेत, उंचीही तेवढीच. गावात स्टँड 9 फुटांवर जात नाही, कोन पडतो आणि मागच्या भिंतीवर भलीमोठी सावली उभी राहते. सगळा खेळ भिंतीपासून किमान 6 फूट पुढं घेतला की ती खाली जाते.

माइक हेडसेटचाच घ्यावा. कॉलरचा माइक कापडाला घासतो आणि या नाटकात कापडं सारखी हाताळली जातात. माइकचं टोक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं मागे, गालावर. तोंडासमोर आणलं की ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. प्रत्येक प्रयोगाला सेल नवे. घुंईं असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि साउंड एकाच फेजवर आहेत. वेगळी फेज मागा. नसेल तर आवाजाच्या वायरी दिव्यांच्या वायरींना समांतर टाकू नका, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. पत्र्याच्या हॉलात जून ते ऑगस्ट प्रयोग लावूच नये. खानापूरकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की कुठलाही माइक उपयोगाचा नाही. जनरेटर ठेवला तर तो हॉलच्या मागे नको, रस्त्याच्या बाजूला.

संगीतात जुनं गाणं वापरायचं तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो, हे लक्षात ठेवून परवाना घ्यावा. आम्ही आजीनं स्वतः म्हटलेल्या दोन पारंपरिक ओव्या रेकॉर्ड केल्या. खर्च शून्य, आणि परवानगी वहीत आहेच.

तारीख, अर्ज, पोस्टर

बेळगावात तारीख ठरवणं हे वेगळंच शास्त्र आहे. 1 नोव्हेंबर आणि त्याच्या आसपासचे दिवस नकोत. एका बाजूला कर्नाटकचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात जायची मागणी करणाऱ्यांचा काळा दिन, पोलीस बंदोबस्तात. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की शहरात बंदोबस्त आणि पाहुण्यांची गर्दी. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची रात्र, गणेशोत्सव, मार्च-एप्रिलच्या परीक्षा, सौंदत्तीच्या मोठ्या पौर्णिमा. उरतात ते फेब्रुवारी, मेचा शेवट आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधले मोजके शनिवार.

लोकमान्य रंगमंदिर किंवा कुमार गंधर्व रंगमंदिर यांसारख्या ठिकाणी तारीख धरताना विषय आधीच सांगावा. लपवून बुकिंग केलं आणि पोस्टर बघून फोन आला तर प्रयोग जातो. पोलीस ठाण्याला द्यायचा अर्ज कन्नडमध्ये लिहावा, त्यात कालावधी, अपेक्षित प्रेक्षकसंख्या आणि संपण्याची वेळ असावी, सोबत एका पानाचा सारांश. शिक्क्याची पोच घेऊन प्रयोगाच्या दिवशी खिशात ठेवावी. प्रयोग रात्री 9.30 च्या आत संपवावा. 10 नंतर बंद सभागृहाबाहेर ध्वनिक्षेपक चालत नाही. सीमा ओलांडून चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला जायचं असेल तर महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी संहिता आधी पाठवावी लागते आणि जी पाठवली तीच करावी लागते, म्हणून तालमी पक्क्या होण्यापूर्वी पाठवू नये.

पोस्टरवर दोन्ही लिपी, कन्नड वर आणि मोठी. 2024 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात व्यवसायांच्या नामफलकांवर 60 टक्के कन्नड लागतं. नाटकाचं पोस्टर नामफलक नव्हे, पण रस्त्यावर हा वाद घालायला कुणाला वेळ आहे? मजकूर सरळ असावा. ‘फक्त प्रौढांसाठी’ लिहिलं की भलतीच गर्दी येते. आम्ही लिहितो: समलैंगिक मुलाची आणि त्याच्या घराची गोष्ट, 14 वर्षांवरील सर्वांसाठी.

प्रयोगाच्या दिवशी

घरचे येणार असतील तर त्यांना पहिल्या रांगेत बसवू नका. पाचव्या-सहाव्या रांगेत कडेला, दाराजवळ, म्हणजे वाटलं तर उठून जाता येईल. ‘आणि आज त्यांची आई इथं उपस्थित आहे’ ही घोषणा करायची नाही. सगळं सभागृह मागं वळून टाळ्या वाजवतं, आणि नाटकात तासभर कष्टानं जी बाई माणूस म्हणून दाखवली ती क्षणात देवी होते.

मंचावर रडू आलं तर नाक भरतं, आवाज बसतो, आणि हेडसेटमध्ये हुंदका स्पीकरवर ऐकू येतो. दवाखान्याच्या प्रवेशाची तालीम म्हणूनच हलक्या आवाजात, नुसत्या हालचालींनी करतो. पूर्ण ताकदीनं फक्त प्रयोगात. पडदा पडल्यावर अर्धा तास कलाकाराला कुणी भेटायचं नाही, फुलं घेऊन आलेल्यांनीही.

प्रश्नोत्तरं 20 मिनिटं, चिठ्ठ्यांवर. माइक फिरवला की पहिला माणूस भाषण करतो. ठरावीक प्रश्न येतात. हा गुन्हा आहे का? नाही, 2018 पासून नाही, आणि नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. लग्न करता येतं का? अजून नाही, 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानं तो विषय संसदेवर सोडला. घरी कसं सांगायचं, याचं उत्तर मंचावरून कुणालाही देऊ नये. प्रत्येकाचं घर वेगळं, आणि आपलं घर बघून कुणी उद्या घरी बोलायला गेला तर तिथं काय होईल हे आपल्याला माहीत नसतं. आधी राहायची आणि पैशाची सोय बघ, एवढंच सांगतो.

जे खरोखर विचारायला आलेले असतात ते चिठ्ठी टाकत नाहीत. ते स्कूटरच्या स्टँडजवळ रेंगाळतात. आमच्यातला एक जण तिथं उभा असतो आणि हातात छोटी कार्डं असतात. कार्डावर नाटकाचं नाव, चित्र, इंद्रधनुष्य काहीही नाही. फक्त टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आणि मागे आमचा एक ईमेल. घरी खिशात सापडलं तरी कुणाला काही विचारावंसं वाटू नये.

वर्षातून एकदा घरी पुन्हा वाचन होतं आणि वही पुन्हा भरली जाते. वर्षभरात माणसं बदलतात, कुणाचं लग्न होतं, कुणी जातं, आधी चाललेला प्रसंग नकोसा होतो. म्हणून काढता येण्याजोग्या प्रत्येक प्रवेशासाठी जोडवाक्य आधीच लिहून ठेवलेलं आहे. भाऊबंदकीचा प्रवेश गळला तर कलाकार हळदीकुंकवाच्या शेवटच्या वाक्यावरून ट्रंक उघडून थेट यात्रेत येतो, दिव्यांचे मधले सात क्यू (ठरलेले बदल) सोडायचे, सबटायटलच्या वेगळ्या फाइलला ‘ब’ असं नाव दिलेलं आहे, आणि नाटक सहा मिनिटांनी कमी भरतं.